दांडी कुठं येऊन थांबते

ऊन गेलंय, पण लोखंडातली धग गेलेली नाही. पाळणेवाल्याचा पोऱ्या बादली घेऊन आकाशझुल्याच्या एकेका डब्यावर पाणी ओततो. चर्र होतं, वाफ उठते, बाकड्याचा निळा रंग घटकाभर नवा दिसतो. पोऱ्या तळहात टेकवतो आणि झटक्यात उचलतो. अजून एक बादली.

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा दुपारी 45 ला टेकतो. म्हणून मेळा दिवसा झोपलेला असतो. माणसं ट्रकखाली, कुत्री झुल्याच्या सावलीत. साडेसहाला जनरेटर खोकतो, पहिली माळ पेटते, कुठल्याशा भोंग्यातून जुनं हिंदी गाणं मधूनच सुरू होतं, आणि सगळं मैदान एकदम जागं होतं.

मैदान कसलं, वावरच. अल्लीपूरच्या शिवेवरचं. पऱ्हाट्या उपटून झाल्यात, नांगर अजून फिरलेला नाही. अशा मधल्या दिवसांत गावाबाहेर आनंदमेळा बसतो, तसा हा. हिंगणघाट तालुक्यात काय किंवा देवळीत काय, चित्र सारखंच. ट्रक येतात, चाकं आणि खांब उतरतात, नटबोल्टांची पोती रिकामी होतात. काल ढेकळं होती तिथं आज झुला उभा असतो. जमीन मात्र तीच. काळी, तापून फाटलेली. भेगांत चपलेची टाच अडकते.

आम्ही चौघी निघालोय. पुढं भाची, तिच्यामागं वहिनी, मग मी आणि मोठी काकू. हा क्रम कुणी ठरवत नाही, आपोआप पडतो. सडसडीत माणसं पुढं जातात आणि मग मागं वळून बघत उभी राहतात.

“आत्या, तू बसशील ना?” भाची विचारते.

“पाहू.”

“पाहू नाही. बस म्हणजे बस.”

काकू पदर कमरेला खोचते. “मी नाही बसत बाप्पा. मले खालीच बरं.”

मी आतून सायकलची चड्डी घातलीय. लिहायला लाजावं असं त्यात काही नाही. जाड मांड्यांच्या बाईला उन्हाळ्यात तासभर चालायचं म्हटलं की मांड्या घासतात, लाल होतात, त्यात घाम उतरतो. मग समोर कितीही भारी पाळणा असो, लक्ष तिथंच. काकू पावडरवाली. मी चड्डी आणि वर थोडं व्हॅसलीन. वहिनीला यातलं काही लागत नाही, पण तिला माहीत आहे. पर्समध्ये व्हॅसलीनची डबी तीच ठेवते.

तिकिटाच्या टपरीवर पत्र्याची पाटी आहे. हिंदीत. कमजोर दिलाचे, गरोदर बायका, दारू प्यायलेले यांनी बसू नये. चुकून पडलेलं सामान परत मिळणार नाही. वजनाबद्दल एक अक्षर नाही. कंबर किती, उंची किती, तेही नाही. ते सगळं वर गेल्यावर कळतं. कळतं म्हणजे कसं, ते काकूला माहीत आहे, मलाही. आधी अर्धा तास रांग. मग पत्र्याच्या पायऱ्या. मग बसायचं. पोऱ्या दांडी ओढतो. खिट्टी लागत नाही. पुन्हा ओढतो, गुडघा लावून. मागची रांग मान लांब करते. कुणीतरी फिस्सकन हसतं. पोऱ्या आवाज न चढवता म्हणतो, “आंटी, उतर जाओ.” आणि मग त्याच पायऱ्या उलट्या उतरायच्या, त्याच रांगेच्या कडेनं, एकेक चेहरा ओलांडत. पडण्याची भीती कुणाला नसते. भीती या उलट्या पायऱ्यांची.

म्हणून मी काकूला आधी झुल्याच्या मागं नेते.

तिथं जनरेटरच्या पलीकडं ड्रॅगन ट्रेनचा एक डबा जमिनीवर पडलाय. वेल्डिंगला काढलेला. चाकं नाहीत, पण बाकडं आहे, दांडी आहे, खिट्टीही आहे. दोन पोट्टे त्यात बसून फुटाणे खातायत. त्यांना उठवावं लागत नाही. काकूचा आकार जवळ येताना बघून ते स्वतःच उठतात.

“बस.”

“इथं?”

“इथंच. कोणी पाहून नाही राहिलं.”

काकू बसते. सगळ्या जाड बाया पहिल्यांदा जशा बसतात, तशी. पुढच्या कडेला टेकून, अर्धी हवेत, कधीही उठायच्या तयारीत. अशानं पोट पुढं येतं आणि दांडी लवकर अडते. मी म्हणते, मागं सरक. अजून. कंबर बाकड्याच्या पाठीला टेकली पाहिजे. आता पाठ ताठ. ती सरकते, डबा कुरकुरतो. दांडी खाली येते आणि चार बोटं आधीच थांबते.

“पाय. सांगत होती ना मी.”

“बटवा काढ.”

काकूच्या कमरेला बटवा आहे. त्यात मोबाइल, घराच्या किल्ल्या, सुपारीची डबी, पाच-दहाची नाणी आणि एक अडकित्ता. हे सगळं पोटाच्या आणि दांडीच्या मधोमध. बटवा वहिनीच्या हातात जातो. निऱ्यांचा गोळा एका बाजूला बसलाय, तो हातानं चपटा करायचा. काकू पोट आत ओढते. मी थांबवते. पोट आत ओढून खिट्टी लावली की श्वास सोडल्यावर दांडी रुतते आणि सबंध फेरीभर रुतते. साधा श्वास घे, मग ओढ. ती ओढते.

खट्.

काकू दांडीकडं बघते. मग माझ्याकडं. दांडी हलवून बघते. हलत नाही.

“लागली की वं.”

परदेशातल्या मोठ्या पार्कांत हे काम दारातच उरकतात. अमेरिकेत ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कात 2010 साली हॅरी पॉटरचा खेळ सुरू झाला. तिथं रांगेच्या तोंडाशी नमुन्याचं आसन ठेवलेलं असतं. बसा, खांद्यावरचा हार्नेस खाली ओढा, जमलं तर पुढं जा. सुरुवातीला तिथंही धिप्पाड लोक परत फिरत होते. मग काही आसनं मोठ्या अंगाला बसतील अशी बदलून घेतली गेली. इथं नमुन्याचं आसन कुणी ठेवलेलं नाही. मोडलेला डबा आहे. काम तेच होतं.

फुटाणेवाल्या पोट्ट्यांना आता खेळ सापडलाय. ते प्रत्येक जाड माणसाला हाक मारतात. “ओ काका, इथं बसून पाहा!” काका दुसरीकडं बघतात.

रसवंतीवर टेकायचं ठरतं. लाकडी चरकाचे दिवस गेले, आता मोटार आहे. घुंगरू मात्र तेच. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्यात. काकू एका खुर्चीकडं बघते. खुर्चीचे मागचे दोन पाय भेगेत तिरपे उभे आहेत, आणि अशा खुर्चीचा पाय आधी बाहेर फाकतो, मग मोडतो. रसवाला काही बोलत नाही. शेजारची खुर्ची उचलतो, पहिलीत घालतो, दोन्ही मिळून एक करतो आणि सपाट जागी ठेवतो. “बसा मावशी.” त्यानं चेहऱ्यावर काहीही आणलेलं नाही. असली समज शिकवून येत नाही, आणि ज्यांच्याकडं असते त्यांना ती असल्याचं माहीतही नसतं.

रस 20 रुपयांचा ग्लास. मी अर्धाच पिते. पाळण्यावर बसायच्या आधी पोट भरायचं नाही. वहिनीनं घरून ताक आणलंय, मिठाचं. जाड अंगातून उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, घाम जास्त जातो. काकूच्या कपाळावरून तो ओघळतोय. ती पदरानं पुसते, ताक घेते, पुन्हा पुसते. हवा हलत नाही. जनरेटरचा धूर जागच्या जागी उभा आहे.

ड्रॅगन ट्रेनची रांग लहान आहे. हिरवं तोंड, लाल जीभ, एक डोळा फुटलेला. रूळ गोल, मध्ये दोन उंचवटे. 40 रुपये. चालवणारा म्हातारा आहे, कानात विझलेली विडी. त्याच्या हातात दोरी नाही, शिट्टी नाही. तो नुसता डब्यांच्या कडेनं चालतो आणि प्रत्येक दांडीला हात लावतो.

आमच्या पुढं एक दांडगा गडी आहे. पांढरा शर्ट, वर पेन, सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा. दोघं एका डब्यात बसतात. दांडी दोघांना मिळून एक. गडी ती ओढून घेतो, खिट्टी पहिल्या खाचेत लागते, त्याचं पोट घट्ट बसतं. त्याला बरं वाटतं. म्हातारा येतो, थांबतो. “बच्चे को दूसरे में.”

“काहून? माझं पोरगं आहे.”

“अलग बिठाओ.”

गड्याचा चेहरा उतरतो. मी तो उतरताना बघते. हा चेहरा ओळखीचा आहे. त्याला वाटतं, आपल्याला जाड म्हणून बोललं गेलं, आणि तेही बायको खाली उभी असताना. तो काहीतरी बोलायच्या बेतात आहे. म्हातारा वाद घालत नाही. तो आपला पंजा मुलाच्या पोटावर ठेवतो आणि वर दांडीला टेकवतो. पंजा आडवा मावतो. वर अजून जागा उरते. मग म्हातारा मुलाला काखेत धरून हळूच वर उचलतो. मुलगा दांडीखालून अलगद सुटून उभा राहतो. हसतो. त्याला गंमत वाटते.

गडी हसत नाही. आता त्याला दिसलंय.

दांडी सगळ्यात मोठ्या पोटावर येऊन थांबते. ज्याचं पोट, तो पक्का बसलेला असतो. धोका त्याला नसतो. धोका शेजारच्या किडकिडीत जिवाला, जो दांडी खाली आलीय म्हणून निर्धास्त आहे. लोक बोट दाखवतात जाड माणसाकडं, आणि सुटलेलं असतं लेकरू. मेळ्यातले डबे असे असतात, बऱ्याच बागांतले जुने खेळही असे असतात. एक बाकडं, एक दांडी, दोन वेगळ्या मापांची माणसं. म्हाताऱ्याचा उपाय साधा आहे. जाड जाडासोबत, बारीक बारीकासोबत.

मुलगा भाचीच्या डब्यात जातो. दोघांच्या मांडीपर्यंत दांडी येते. गड्यासोबत कोण? म्हातारा रांगेवर नजर टाकतो. नजर माझ्यावर थांबते. मग त्यालाच ते बरोबर वाटत नाही, परकी बाई, परका पुरुष. तो गड्याला एकटाच बसवतो आणि मला काकूसोबत. काकूसोबत बसायचं म्हणजे बाकड्यावर हवा जायलाही जागा नाही. दांडी काकूच्या पोटावर थांबते, माझ्याही पोटावर थांबते. दोघींना सारखी. खट्.

ट्रेन सुटते. पहिल्या उंचवट्यावर काकू माझा दंड धरते. दुसऱ्यावर सोडून देते आणि दोन्ही हातांनी दांडी पकडते. तिसऱ्या फेरीला ती बसल्या जागेवरून वहिनीला हाक मारते, “पाय वं, पाय!” वहिनी मोबाइल वर धरते. फोटोत आम्ही निम्म्याच येणार. निम्म्याही पुष्कळ आहोत.

उतरणं बसण्यापेक्षा अवघड असतं. हे कुणी सांगत नाही. बाकडं खोल असतं, गुडघे वर आलेले असतात, धरायला काही नसतं. आधी एक पाय बाहेर, मग कडेवर बसायचं, मग दुसरा. घाई करायची नाही. म्हातारा हात देतो. देताना तो मनगट धरत नाही, कोपराखाली आधार देतो, म्हणजे वजन त्याच्या हातावर येत नाही, आपल्या पायावर येतं. एवढं त्याला कळतं. विडी अजून कानातच आहे.

आता खरी गर्दी. आठ वाजलेत. वर्ध्याकडून आलेल्या ऑटो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मोटरसायकलींवर तिघं-तिघं. आकाशझुल्याची रांग बर्फगोल्याच्या गाडीपर्यंत गेलीय. कोळशावर कणीस भाजतंय, शेजारी बांगड्या, पलीकडं टिकल्या आणि नेलपॉलिश. मागून पोरं ढकलतात, पुढून बाया ढकलून घेत नाहीत.

रांगेत उभं राहिलं की माणसं बघायला वेळ मिळतो. मी बघते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत 23.4 टक्के आणि पुरुषांत 24.7 टक्के जास्त वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. म्हणजे चौघांत एक, थोडं इकडं-तिकडं. या रांगेत ते तंतोतंत दिसणार नाही, खेड्यात कमी, शहरात जास्त. पण आहेत. एक पोट सुटलेला दुकानदार. एक बाळंतपणानंतर अंगानं भरलेली पोरगी, कडेवर बाळ. एक पोलिसासारखा दिसणारा. सगळे एकच गोष्ट करतायत. पुढचे लोक डब्यात कसे बसतात ते मान उंचावून मोजतायत.

माझ्यामागचा पोरगा पुण्यात नोकरीला आहे, सुटीवर आलाय. तोही अंगानं दणकट. तो खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आलाय. 2013 पासून चाललेल्या त्या पार्कबद्दल त्याचं गावातल्या प्रत्येकाला सांगून झालंय, आता आमची पाळी.

“तिथं नायट्रो आहे ना ताई, मोठा रोलरकोस्टर. पाय मोकळे लटकतात. दांडी नाही, खांद्यावरून हार्नेस खाली येतो अन् त्याला खालून पट्टा.”

“मग बसला?”

“बसलो. माझं पोट नाही आडवं आलं. छाती आली.”

त्याचं बरोबर आहे. मांडीवरची दांडी पोटाला अडते, खांद्यावरचा हार्नेस छातीला आणि खांद्यांना अडतो. म्हणून वजनकाट्यावरचा आकडा फार काही सांगत नाही. एकाच वजनाची दोन माणसं, एक झुल्यावर आरामात बसते, दुसरी बसत नाही. जिममध्ये छाती कमावलेले पैलवान हार्नेसखाली अडकतात, आणि काकूसारखी बाई, जिचं सगळं वजन खाली पोटात आणि मांड्यांत आहे, ती तिथं बसून जाईल. काकू हे ऐकते. तिला विचार पटलेला दिसतो.

“खोपोली म्हणजे मुंबईकडं ना?”

“हाव.”

“लय दूर पडते.”

वहिनीला जवळचं आठवतं. नागपूरजवळ अमरावती रस्त्यावर बाजारगावला फन अँड फूड व्हिलेज आहे, इकडच्या शाळांच्या सहली तिकडंही जातात. पाण्याच्या घसरगुंडीवर दांडीच नसते, हे वहिनीचं म्हणणं. खरंय. तिथं अडचणी निराळ्या. वर जायला जिना, तोही ओला. नायलॉनचेच कपडे हवेत आणि भाड्यानं मिळणारे मोठ्या मापाचे आधी संपतात, म्हणून आपले आपण शिवून न्यायचे. आणि वजनदार माणूस ट्यूबमधून येतो तो वेगात, शेवटी पाण्यात आपटतो तोही दणदणीत. वहिनी म्हणते, तिला तिथं ट्यूब ढकलावी लागली होती. मधेच थांबली होती. मी काही बोलत नाही. फायदे आम्हालाही असतात.

रांग सरकते. आता झुला नीट दिसतो. 16 डबे. चालवणारा एका लाकडी खोक्यावर उभा आहे, एक हात क्लचच्या दांड्यावर. तो तिकीट बघत नाही, माणसं बघतो. एक डबा खाली येतो, दोन पोरं बसवतो. चाक अर्धं फिरवतो. समोरच्या डब्यात दोन पोरं. पुन्हा पाव. बाजारातल्या कापसाच्या व्यापाऱ्यासारखी त्याची नजर आहे, गाडी काट्यावर चढायच्या आधीच क्विंटलचा अंदाज बांधणारी. काकू पायरीवर पाय ठेवते आणि तो हात आडवा करतो.

“मावशी, रुको.”

झालं. काकूचा चेहरा पडतो. ती मागं वळायला लागते. वळायला जागा नाही.

“रुको बोला, जाओ नहीं बोला. सामने का भरने दो.”

तो दांडगा गडी आणि दुकानदार यांना पुढं बोलावतो. दोघांना एका डब्यात बसवतो, चाक अर्धं फिरवतो. ते दोघं वर जातात, आमचा डबा खाली येतो. आता काकू आणि मी. चाकाच्या दोन टोकांना सारखं ओझं पडलं की मोटारला ओढ बसत नाही, ब्रेक लागताना झुला हिसका देत नाही. त्यानं आमचा अपमान केलेला नाही, तोल साधलाय. पण हे त्यानं सांगितलं नसतं तर काकू घरी गेली असती.

डबा झुलतो. पोऱ्या मागून धरतो. आधी मी, पार आतल्या बाजूला. मग काकू. मागं सरकणं, निऱ्या चपट्या करणं, साधा श्वास. आता तिला सांगावं लागत नाही. माझी ओढणी मी कमरेला गाठ मारून बांधलीय. मोकळी ओढणी चाकाच्या खेळात नको, मग बाई जाड असो की बारीक. दांडी येते. खट्. वर एक साखळी, तिची कडी. पोऱ्या कडी ओढून बघतो.

आम्ही वर जातो.

वर वारा आहे. खाली नव्हताच. तो सगळा इथं होता. खाली पत्र्याची छपरं, देवळाचा दिवा, मोबाइलचा मनोरा. काळी वावरं काळ्या आभाळात मिसळलेली. रस्त्यावर एकच हेडलाइट सरकतोय. समोरच्या टोकाला, आमच्या खाली, दांडगा गडी आणि दुकानदार. ते वर बघतात. आम्ही खाली.

झुला थांबतो, खाली कुणीतरी उतरतंय. आमचा डबा मागं-पुढं हलतो. काकू हलत नाही.

“हा तुटत तर नाही ना?”

मी तिला सांगते. युरोपात पाळणे बांधायचं जे मानक आहे, त्यात दहा वर्षांवरचा माणूस 75 किलोचा धरतात, दहाच्या आतला 50 चा. अमेरिकेत मोठा माणूस 170 पौंडांचा, म्हणजे 77 किलोचा. आपल्याकडं शहरातल्या लिफ्टमध्ये पाटी असते, 6 माणसं, 408 किलो. भागाकार करून बघ. 68.

“अन् मी?”

काकूला तिचा आकडा माहीत आहे, दवाखान्यात गेल्या वेळी काट्यावर उभं केलं होतं. मला माझा माहीत आहे. आम्ही दोघी मिळून हिशेबातल्या अडीच माणसांच्या आसपास. पण तो हिशेब सगळे डबे भरलेले धरून केलेला असतो आणि त्यावर पुन्हा बरीच सूट ठेवलेली असते. 76 व्या किलोला लोखंड तुटत नाही. अडतं ते रुंदीला. बाकडं किती हात, दांडी किती खाली, हे ज्यानं ठरवलं त्याच्या डोळ्यांपुढं काकू नव्हती. मेळ्यातल्या झुल्याबद्दल माझी चिंता वेगळीच आहे. नटांची, खिट्ट्यांची, साखळीच्या कडीची, आणि संध्याकाळी ते सगळं कुणी हात लावून तपासलं का, याची. ती चिंता सडपातळ माणसानंही करावी.

ही चिंता मी काकूला सांगत नाही. तिला सांगते ते एवढंच, की 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरनं जे पहिलं मोठं चाक उभं केलं, ते 264 फूट उंच होतं आणि त्याला 36 खोल्या होत्या. एकेका खोलीत 60 माणसं.

“खोल्या?”

“खोल्याच. खुर्च्या मांडलेल्या. दांडी नाही, पट्टा नाही.”

“मग बरं होतं वं ते.”

झुला सुटतो. उतरताना पोटात गोळा येतो. तो मात्र सगळ्या पोटांत सारखाच येतो.

मौत का कुआंच्या बाहेर आम्ही नुसत्या उभ्या राहतो. आत मोटरसायकल फळ्यांवर चढते, सगळा हौद थरथरतो, वर कठड्याशी माणसं दहाच्या नोटा पुढं करून वाकलेली. तिथं बसायचंच नाही, अंगाला कुणी माप लावत नाही. पण वर जायला शिडीसारखा उभा जिना. काकूचे गुडघे त्याला नाही म्हणतात. गुडघ्यांचं ऐकावं. आवाज पुरेसा आहे.

भाचीला ब्रेक डान्स हवाय. शेवटी तेच हवं असतं सगळ्या पोरांना. गोल फिरणारी फळी, तिच्यावर गरगर फिरणारे डबे, वर लाल-निळे दिवे, आणि भोंगा इतका जवळ की छातीत ऐकू येतं. 50 रुपये. वहिनी खालीच राहते, तिला चक्कर येते. बटवा, पर्स, ताकाची बाटली, तिघींच्या चपला, सगळं तिच्याकडं. ती चपलांच्या ढिगाऱ्यात उभी आहे.

तिघींत डबे दोन. काकू आणि भाची एकात, मी दुसऱ्यात एकटी. भाची पटकन बाहेरच्या कडेला जाऊन बसते, तिथून खालची माणसं दिसतात. चालवणारा पोरगा उडी मारून फळीवर येतो.

“गुडिया, अंदर. आंटी बाहर.”

भाची फुगते. पण तो ऐकत नाही, आणि त्यानं ऐकू नयेच. डबा गरका घेतो तेव्हा माणूस बाहेरच्या कडेवर लोटला जातो. भाची तिथं असती तर काकू सबंध फेरीभर तिच्या अंगावर असती. काकू बाहेर असली की भाची काकूवर येते. कुणी कुणावर यायचं, एवढाच प्रश्न. आणि इथंही दांडी एकच, म्हणून तो भाचीच्या कमरेला वेगळा पट्टा लावतो, कापडी, जुन्या मोटारीच्या सीटचा दिसतो. ओढून बघतो. अजून एकदा ओढतो. मला तो पोरगा आवडायला लागतो.

भोंगा. दिवे. फळी सरकते. पहिला गरका हळू. दुसऱ्याला भाची काकूच्या कुशीत जाऊन आदळते, किंचाळते, हसते, पुन्हा सरकून जागेवर, पुन्हा आदळते. काकू एका हातानं दांडी धरून आहे, दुसऱ्या हातानं पोरीला. पदर खोचलेला सुटलाय. तोंड उघडं आहे, ओरडते की हसते ते भोंग्यात कळत नाही. माझा डबा त्यांच्या समोरून जातो, पाठमोरा होतो, पुन्हा समोर. दर वेळी काकू मला काहीतरी सांगते. दर वेळी ऐकू येत नाही.

फळी थांबते. लोक डगमगत उतरतात. पट्टा सुटतो, दांडी वर जाते, भाची उडी मारून खाली. मी एक पाय बाहेर, मग कडेवर, मग दुसरा. काकू उठत नाही.

पोरगा तिच्यासमोर येऊन उभा राहतो. “आंटी, हो गया. उतरो.”

काकू वहिनीला हाक मारते. वहिनी चपला ओलांडत कठड्याशी येते.

“माझा बटवा दे.”

“काहून? काय झालं?”

“दे म्हणते ना.”

बटवा कठड्यावरून आत येतो. काकू तो मांडीवर उघडते, सुपारीची डबी बाजूला करते, खालून चार घड्या घातलेली शंभराची नोट काढते आणि पोरासमोर धरते.

“दोन दे. अन् तो समोरचा लाल डबा रुंद दिसते, त्यात बसव.”